'कुठे उंडारत होतास?' : रिकामं फिरण्याचे मराठी शब्द

आजचा विषय एकदम आपला: काही काम नसताना मित्रमैत्रिणींसोबत नुसतं फिरणं.

हाँगकाँगच्या कँटोनीज भाषेत याला 'हांग काय' म्हणतात. शब्दशः अर्थ 'रस्ता चालणं'. दुकानं बघत, गप्पा मारत फिरायचं. खरेदी झाली तर झाली. शब्दात ना कौतुक, ना शिवी.

आता आपलं बघा. हिंडणं, उंडारणं, हुंदडणं, उनाडक्या करणं. शब्द भरपूर, पण बहुतेक घरच्यांच्या रागातून कानावर येतात. 'हुंदडणं' म्हटलं की दावं सुटलेलं वासरू दिसतं, 'उनाड' म्हटलं की कुणाच्याही शेतात घुसणारं ढोर. मान मिळाला तो एकट्या 'भटकंती'ला, कारण तिच्यासोबत गडकिल्ले आले आणि पाठीवर सॅक आली.

मी त्र्यंबकेश्वरची. आमच्याकडे चालण्याला केवढा मान! श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते. हजारो लोक येतात, कितीतरी जण रात्रभर चालतात. पण तीच पोरं मंगळवारी कुशावर्तापासून बस स्टँडपर्यंत उगाच चालली, की झाली रिकामटेकडी! पाय तेच, गाव तेच. फक्त सांगायला कारण उरलं नाही.

आणि मुलगी असेल तर? मुलगा 'उनाड' ठरतो, पुढे नोकरी लागली की लोक विसरतात. मुलगी 'गावभर हिंडते' म्हटलं, की बोट थेट चारित्र्याकडे जातं. म्हणून आम्ही हातात पिशवी, कानाला फोन, असं काम असल्यासारखं चालतो. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉइटर?' या पुस्तकात मुंबईतल्या बायकांबद्दल हेच मांडलं: रस्त्यावर असायला बाईला सतत कारण दाखवावं लागतं. त्यांचं म्हणणं, विनाकारण रेंगाळणं हासुद्धा हक्कच आहे.

तसा बिनरागाचा शब्द आपल्याकडेही आहे: 'फिरणं'. 'कुठे चाललीस?' 'फिरायला.' एवढं उत्तर पुरेसं असायला हवं. पुढचं 'कशाला?' बंद झालं, की अर्धं काम झालं.

तुमच्या गावात यासाठी कोणता शब्द आहे? व्हॉइस नोट नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात!