स्वयंचलित गिअरची पिकअप गाडी : महामार्गावर ती आपण होऊन गिअर कां बदलते ?

आपल्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या दारीं आतां पिकअप गाडी उभी असते. माल वाहणाऱ्या या गाड्यांपैकीं बहुतेकींत गिअर हातानें व क्लच डाव्या पायानें चालवावा लागतो. परंतु अलीकडे क्लचचें पेडल मुळींच नसलेल्या, म्हणजे आपले गिअर आपणच बदलणाऱ्या, कांहीं पिकअप गाड्याहि आपल्याकडे मिळूं लागल्या आहेत. अमेरिकेंत तर नव्या पिकअप बहुतेक सर्व याच जातीच्या असतात. अशा गाडीचें महामार्गावरील वर्तन हातगिअरच्या गाडीहून निराळें असतें. तें ठाऊक नसलें म्हणजे मालक निष्कारण घाबरतो, किंवा घाबरण्याच्या जागीं निर्धास्त राहतो. या दोन्ही चुका आमच्या घरीं घडल्या; म्हणून हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

माझे थोरले बंधु सहासष्ट वर्षांचे आहेत. त्यांचा डावा गुडघा निकामी झाल्यापासून क्लच दाबणें त्यांना अशक्य झालें व तीन वर्षें बाजारास जाण्यासाठीं दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागलें. पुतण्यानें मागल्या वर्षीं सहा स्वयंचलित गिअरांची एक वापरलेली पिकअप घेतली, तेव्हां त्यांचें हें परावलंबन संपलें. पण दोन महिन्यांतच त्यांनीं तक्रार काढली कीं, मुंबईकडून ठिबकचें सामान भरून परततांना शहापूर सोडलें कीं गाडी अडखळते; इंजिन एकाएकीं ओरडतें, क्षणांत शांत होतें, पुन्हां ओरडतें. एका कारागिरानें गिअरपेटी उघडावी लागेल असें सांगून खर्चाचा जो आंकडा सांगितला, तो ऐकून दादांनीं गाडी विकण्याचें ठरविलें. गाडी गेली असती तर ते पुन्हां ओसरीवर बसले असते.

माझें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. नोंद पाहिल्यावांचून निकाल देऊं नये, एवढी एक संवय त्या नोकरीनें लावली. तेव्हां मी वही घेऊन चार खेपा दादांच्या शेजारीं बसलों. गाडींतील वजन, रस्त्यावरील किलोमीटरचा दगड, गाडीचा वेग व इंजिनाचे मिनिटास होणारे फेरे, असे चार रकाने आंखले. चार खेपांच्या नोंदींवरून तीन गोष्टी स्पष्ट झाल्या. गाडी रिकामी असतां तक्रार एकदांहि घडली नाहीं. भरलेली असतां ती त्याच त्या चढांवर घडली. आणि प्रत्येक वेळीं फेरे सुमारें १,५०० वरून १,८०० वर गेले व तितकेच खालीं आले. फेरे वाढून गाडीचें बळ मात्र हरवलें, असें कधींच झालें नाहीं. बिघाड असा वजन व जागा पाहून येत नाहीं. गाडी आपलें कामच करीत होती. तें काम कसें चालतें तें आतां पाहूं.

पेटींत काय असतें

हातगिअरच्या गाडींत इंजिन व चाकें यांचा संबंध क्लचच्या कोरड्या तबकडीनें जोडला अगर तोडला जातो. स्वयंचलित गाडींत त्या जागीं तेलानें भरलेली एक बंद डबी असते. तिला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. तींत समोरासमोर दोन पंखे असतात. एक इंजिनाबरोबर फिरतो व तेल फेंकतो. त्या तेलाच्या माऱ्यानें दुसरा फिरतो व पुढें गिअरांस गति देतो. दोहोंच्या मध्यें तिसरें एक लहान चाक असतें. तें परत येणाऱ्या तेलास योग्य दिशा देतें, व त्यामुळें गाडी उभ्यावरून उचलतांना इंजिनाचा जोर वाढून चाकांस मिळतो. अशा तेलाच्या जोडणीची कल्पना जर्मन यंत्रज्ञ हेर्मान फ्योटिंगर यांनीं १९०५ सालीं पेटंटानें नोंदविली. मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली पूर्ण स्वयंचलित गिअरपेटी म्हणजे अमेरिकेंतील जनरल मोटर्सची हायड्रामॅटिक. ती १९३९ सालीं ओल्डस्मोबिल गाडीच्या १९४० च्या नमुन्यासाठीं जाहीर झाली.

तेलांतून जोर जातांना कांहीं भाग निसटतो व त्याची उष्णता होते. म्हणून सरळ रस्त्यावर वेग आला कीं डबींतील एक क्लच दोन्ही पंखे एकमेकांस घट्ट जखडतो. चढ लागतांच हा जखडलेला क्लच सुटतो आणि गिअर न बदलतांच फेरे शें-दोनशें वाढतात. पुष्कळ मालक यालाच गिअर पडला असें समजतात.

डबीच्या मागें गिअरांचे संच असतात. मध्यें एक चाक, त्याभोंवतीं फिरणारीं लहान चाकें व बाहेर आंतून दांते असलेलें एक कडें, अशी त्यांची रचना असते. मधल्या चाकास सूर्य व लहान चाकांस ग्रह म्हणतात. यांपैकीं कोणतें चाक धरून ठेवावें व कोणतें मोकळें सोडावें, यावर गिअर ठरतो. धरण्या-सोडण्याचें काम तेलाच्या दाबानें चालणारे क्लच करतात. आणि केव्हां धरावें, केव्हां सोडावें, हें आतां एक छोटा संगणक ठरवितो.

निर्णय कसा होतो

संगणक मुख्यतः दोन गोष्टी पाहतो : गाडीचा वेग किती आहे, व उजव्या पायानें पेडल किती दाबलें आहे. पाय हलका असला तर तो लवकर वरचा गिअर देतो, कारण त्यांत डिझेल वांचतें. पाय जोरानें दाबला तर चालकास जोर हवा आहे असें समजून तो खालचा गिअर देतो. तेल थंड असतां सकाळीं कांहीं मैल तो वरचा गिअर उशिरानें देतो. तोहि दोष नव्हे, तेल लवकर तापावें म्हणून केलेली योजना आहे.

आतां चढावरील गाडीचें उदाहरण घेऊं. गाडी व माल मिळून अडीच टन वजन आहे, रस्ता शंभर मीटरांत पांच मीटर चढतो, आणि वेग ताशीं ८० किलोमीटर आहे. सपाटीवर वारा व टायर यांच्या विरोधास जो जोर लागतो त्याखेरीज, केवळ वजन वर उचलण्यासाठीं सुमारें ३७ अश्वशक्ति अधिक लागते. सर्वांत वरच्या गिअरांत इंजिन इतक्या कमी फेऱ्यांवर चालत असतें कीं ही जादा शक्ति त्यास देतां येत नाहीं. वेग घसरतो, चालक पाय दाबतो, संगणक खालचा गिअर देतो. खालच्या गिअरांत जोर भरपूर मिळतो, वेग परत येतो, चालक पाय ढिला करतो. संगणकास वाटतें, काम संपलें, आणि तो पुन्हां वरचा गिअर देतो. चढ मात्र संपलेला नसतो. एखादें प्रकरण दोन टेबलांमध्यें शेरे घेत फिरत राहावें आणि निकाल कोणीच देऊं नये, तसा हा प्रकार आहे. आमच्या गाडीचें अडखळणें तें हेंच. चालकानें वेग कायम राखण्याचें यंत्र, म्हणजे क्रूझ कंट्रोल, लावलें असेल तर हा खेळ अधिकच चालतो, कारण त्या यंत्रास पुढचा चढ दिसत नाहीं.

गिअरांची संख्याहि येथें महत्त्वाची आहे. जनरल मोटर्सनें १९८२ मध्यें आणलेल्या चार गिअरांच्या एका प्रसिद्ध पेटींत गिअरांचीं प्रमाणें ३.०६, १.६३, १.०० व ०.७० अशीं होतीं. तींत चौथ्यावरून तिसऱ्यावर येतांना १,७५० फेरे एकदम २,५०० होत. धक्का व आवाज दोन्ही जाणवत. फोर्ड व जनरल मोटर्स यांनीं मिळून तयार केलेली दहा गिअरांची पेटी २०१७ च्या फोर्ड एफ-१५० पिकअपमध्यें आली. तींत नववा ०.६९ व दहावा ०.६४ आहे. म्हणजे पायऱ्या लहान झाल्या. गिअर अधिक वेळां बदलतो, पण प्रत्येक बदल सौम्य असतो. म्हणून जास्त गिअरांची गाडी जास्त वेळां गिअर बदलते याचें आश्चर्य मानूं नये.

चढावर काय करावें

गिअर वारंवार वरखालीं होऊं लागला कीं निर्णय चालकानें स्वतःकडे घ्यावा. बहुतेक गाड्यांत दांडा 'डी' च्या बाजूस सरकविल्यास 'एम' किंवा 'एस' अशी जागा असते, व तेथें बेरीज-वजाबाकीच्या खुणा असतात. सहा गिअरांच्या गाडींत तेथें पांचवा किंवा चौथा नेमून द्यावा व चढ संपेपर्यंत तोच राहूं द्यावा. कांहीं गाड्यांत ओझें वाहण्यासाठीं निराळें बटण असतें. तें दाबल्यानें संगणक वरचा गिअर उशिरा देतो. क्रूझ कंट्रोल बंद करावा. फेरे थोडे अधिक राहतील, परंतु पेटींतील तेल कमी तापेल, आणि स्वयंचलित पेटीचें आयुष्य मुख्यतः तिच्या तेलावर अवलंबून असतें. आम्हीं पांचवा गिअर नेमून दिला त्या खेपेस शहापूर ते कसारा या पट्ट्यांत वहींत एकहि नोंद करण्याचा प्रसंग आला नाहीं.

उतारावर काय करावें

आतांपर्यंतची गोष्ट खर्चाची होती. पुढील गोष्ट जिवाची आहे. नाशिककडचा शेतकरी मुंबईस जातो तो भरल्या गाडीनें घाट उतरतो. तिसऱ्या खेपेस टोमॅटो भरून आम्ही कसारा घाट उतरत होतों. दादांनीं दांडा 'डी' मध्येंच ठेवला होता. गाडी वरच्या गिअरांत मोकळी धांवत होती व तिला ते केवळ ब्रेकनें आवरीत होते. अर्ध्या घाटांत जळका वास आला, आणि ब्रेकचें पेडल नेहमीपेक्षां खोल जाऊं लागलें. दैवानें रुंद जागा जवळ होती. तेथें गाडी थांबवून आम्ही चाळीस मिनिटें बसून राहिलों. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतण्याचा मोह होतो. तो आवरला, कारण त्यानें तापलेलें लोखंड वांकतें किंवा तडकतें.

असें कां झालें याचा हिशेब सोपा आहे. इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंत रस्ता सुमारें ३०० मीटर खालीं येतो. अडीच टन वजन तितकें खालीं आणतांना जी उष्णता कोठें तरी जिरवावी लागते, ती विजेच्या दोन युनिटांएवढी, म्हणजे पंचवीस लिटर थंड पाण्यास उकळी आणण्याइतकी असते. ती वारा, टायर व इंजिन यांनीं वांटून घेतली तर ब्रेकवर थोडीच पडते. गाडी वरच्या गिअरांत असली तर इंजिन आपला वांटा जवळ जवळ उचलीत नाहीं. कांहीं नव्या गाड्यांचा संगणक उतार ओळखून आपण होऊन खालचा गिअर देतो. पण त्याच्या भरंवशावर राहूं नये.

चौथ्या खेपेस उतार सुरू होण्यापूर्वींच दुसरा गिअर नेमून दिला. ताशीं ४० किलोमीटर वेगास फेरे सुमारें २,२०० राहिले, इंजिनानें गाडी धरून ठेवली, आणि त्या सबंध उतारांत ब्रेकवर पाय सहा वेळां ठेवावा लागला. मागल्या खेपेस तो जवळ जवळ उचललाच नव्हता.

डिझेल वांचविण्याच्या समजुतीनें उतारावर दांडा 'एन' मध्यें टाकणारे चालक आहेत. ही संवय घातक तर आहेच, पण तिच्यांत बचतहि नाहीं. गाडी गिअरांत असतां पाय पेडलवरून काढला कीं आजचें इंजिन डिझेल घेणेंच बंद करतें. 'एन' मध्यें मात्र चालू राहण्यासाठीं त्यास डिझेल घ्यावें लागतें.

खऱ्या बिघाडाचीं लक्षणें

पुढील गोष्टी दिसल्यास मात्र जाणत्या कारागिराकडे विनाविलंब जावें : फेरे वाढतात पण त्या मानानें गाडी पुढें सरत नाहीं, 'डी' अथवा 'आर' लावल्यावर दोन-तीन सेकंदांहून अधिक वेळ गाडी जागची हलत नाहीं, गिअर बदलतांना ठोकर बसते, सपाटीवर एका वेगानें जातांना गाडी थरथरते, तेल काळें पडून त्यास जळका वास येतो. तेल नेमलेल्या जातीचेंच घालावें व मुदतींत बदलावें. बंद पडलेली स्वयंचलित गाडी ढकलून सुरू होत नाहीं, आणि तिचीं फिरतीं चाकें रस्त्यावर टेकवून लांब ओढूंहि नये. इंजिन बंद असतां पेटींतील तेलाचा पंप चालत नाहीं व गिअर कोरडे घासतात. शोभेसाठीं मोठे टायर बसविल्यास प्रत्येक गिअर चढावर अधिक जड होतो व वरील सर्व त्रास वाढतो. नोंदणीपत्रांत लिहिलेल्या वजनापेक्षां जास्त माल भरूं नये हें तर सांगणेंच नको.

कारागिराकडे जातांना तोंडी तक्रार नेण्यापेक्षां चार खेपांची नोंद न्यावी : वजन, जागा, वेग, फेरे. नोंद समोर असली म्हणजे प्रामाणिक कारागिराचा वेळ वांचतो, आणि दुसऱ्या प्रकारच्या कारागिराचें धैर्य कमी होतें. आमची गिअरपेटी अद्याप कोणीं उघडलेली नाहीं. ब्रेक मात्र तपासून नवे बसविले. दादा आठवड्यास दोनदां स्वतः गाडी घेऊन बाजारास जातात, आणि घाटाच्या माथ्यावर आले कीं दांडा बाजूस सारून दुसरा गिअर आपल्या हातानें लावतात.