नेटकेपणा जाचक होतो तेव्हा

समजा, मृगाचा पाऊस झाला आहे, वाफसा आला आहे. शेजारच्या वावरात तिफनी चालू झाल्या. पण आपले एक भाऊ अजून बांधावरच उभे! तास रेघेसारखा सरळ येत नाही म्हणून गडी दोनदा थांबवला. मुलाच्या हाती तिफन द्यावी, तर त्याचे काम पसंत नाही. एवढ्यात वाफसा गेला. आता सांगा, या नेटकेपणाने पेरणी साधली की बुडाली?

नेटकेपणा हा गुणच आहे. पण नियम सांभाळता सांभाळता कामच राहून जाऊ लागले, की त्याचा जाच होतो. पैसा, वेळ, माणसे सारे आपल्याच मुठीत असावे, विश्रांती म्हणजे आळस, दुसऱ्याचे काम म्हणजे चुकीचे, असा स्वभाव ऐन तारुण्यापासून घरीदारी सगळीकडे दिसत असेल आणि त्याने संसार अडत असेल, तर वैद्यकशास्त्र त्याला व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणते. डॉक्टर त्याला ‘ओसीपीडी’ म्हणतात. व्हिएन्नाच्या फ्रॉइड यांनी १९०८ सालीच व्यवस्थितपणा, कंजूषपणा आणि हट्ट हे त्रिकूट एकत्र नांदते, असे लिहून ठेवले होते.

आपण ज्याला मंत्रचळ म्हणतो, तो आजार निराळा. मंत्रचळ लागलेला माणूस दहादा हात धुतो, पण बहुधा मनात म्हणतो, ‘हे काय खूळ लागले मला!’ इथे तसे नाही. या माणसाला आपलेच बरोबर वाटते. म्हणून आधी त्रास होतो तो घरच्यांना, आणि तो स्वतः डॉक्टरकडे येतो फार उशिरा. पुष्कळदा मन खचल्यावर.

गुरुजींनो, एका खाडाखोडीसाठी मुलाला अख्खे पान पुन्हा लिहायला लावताना आपणही जरा थबकावे. हा विकार मोठ्या माणसांत ठरवतात. मुलांना तसे नाव देऊ नये. पण चुकीची धास्ती मात्र लहानपणीच बसते.

ही बाहेरची बाधा नव्हे. काही अंशी आनुवंशिकता, काही अंशी वाढलेले वातावरण, असे याचे मूळ असते. मात्र एवढे ऐकून कोणावर शिक्का मारू नका. निदान डॉक्टरांनीच करावे. घरी हिणवू नका, शब्दाला शब्द वाढवू नका. ‘हे काम आपण कशासाठी करतो?’ एवढे शांतपणे विचारा. उपचार मुख्यतः बोलण्याचा, समुपदेशनाचा असतो. त्याला वेळ लागतो, पण फरक पडतो. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालापासूनचे आहे. तिथे विचारायला लाज कसली? लांबच्या गावी असाल, तर २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

मंडळी, तास थोडा वाकडा गेला तरी बी उगवते. वाफसा मात्र कोणासाठी थांबत नाही.