कॅपिटल ओ, स्मॉल ओ आणि 1146

मायएसक्यूएलवर काम करणाऱ्यांना 1146 हा आकडा तोंडपाठ असतो. मागितलेलं टेबल अस्तित्वातच नाही, असं सांगणारा हा एरर. टेबल खरंच नसेल तर तक्रारीला जागा नाही. पण बऱ्याचदा यादी काढली की 'ऑर्डर्स' ढळढळीत समोर असतं, आत नोंदीही असतात, आणि क्वेरी चालवली की पुन्हा 1146. यादीतला ओ स्मॉल आहे, क्वेरीतला कॅपिटल, एवढाच फरक. त्याच क्वेरीत कॉलमचं नाव कसंही लिहा, चालतं. म्हणजे एका ओळीचा अर्धा भाग कडक शिस्तीचा आणि अर्धा सैल.

हे घडतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. मायएसक्यूएलमध्ये डेटाबेस म्हणजे डिस्कवरचा एक फोल्डर आणि टेबल म्हणजे त्यातली फाइल, अशी मूळ रचना. त्यामुळे नावातलं कॅपिटल-स्मॉल पाळायचं की नाही, हे फाइल सिस्टिमवर सोडून दिलेलं. लिनक्स ते पाळतं. विंडोजवरचं मायएसक्यूएल नाव सरळ स्मॉलमध्ये करून साठवतं. मॅकवर नाव जसं दिलं तसं राहतं, पण शोधताना फरक धरला जात नाही. आता विंडोजच्या लॅपटॉपवर कुणी कॅपिटल ओ घालून टेबल बनवलं, की त्याच क्षणी ते स्मॉल झालेलं असतं. कोणी काही बोलत नाही, कारण तिथे दोन्ही चालतात. पुढे डंप काढून लिनक्स सर्व्हरवर चढवला की स्मॉल नावच जातं, कोडमध्ये कॅपिटल तसंच असतं, आणि 1146 उगवतो. चूक घडली एका मशीनवर, बोंब दुसऱ्यावर. देवनागरीत नाव दिलं असतं, आणि तशी परवानगी आहे, तर हा प्रश्नच आला नसता. पण ते कोणी करत नाही.

कॅपिटल-स्मॉल पाळावं की पाळू नये, यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. एसक्यूएलचं प्रमाण सांगतं की अवतरणाविना लिहिलेलं नाव कॅपिटल समजावं. ओरॅकल तसंच करतं. पोस्टग्रेस नेमकं उलटं, स्मॉल करतं. दोन्हींत नाव अवतरणात घातलं की ते अक्षरशः घेतलं जातं. नियम परस्परविरुद्ध, तरी एकदा शिकलेला नियम कुठल्याही मशीनवर तोच राहतो. मायएसक्यूएलचा दोष इथेच आहे: भाषेचा नियम डिस्कने ठरवायचा हे मुळातच चुकीचं. सगळी नावं स्मॉलमध्येच लिहा, मग त्रास होणार नाही, असं अनुभवी मंडळी सांगतात, आणि मायएसक्यूएलच्या मॅन्युअलचाही सल्ला तोच आहे. सल्ला बरोबर आहे. पण नावं दरवेळी माणूस देत नाही. कोडमधल्या क्लासवरून टेबल बनवणारी काही साधनं क्लासचं कॅपिटल अक्षर तसंच उचलतात. शिवाय जो फरक पाळायचाच नाही असा सल्ला द्यावा लागतो, तो ठेवला कशासाठी? 'ऑर्डर्स' नावाची दोन वेगळी टेबलं, एक कॅपिटल ओची आणि एक स्मॉल, शेजारी शेजारी हवी असलेला माणूस शोधूनही सापडणं कठीण.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जुन्या डेटाबेसवर जगभरचा कारभार चालतो. नियम बदलला तर चालतं ते मोडेल. हे मान्य. 8.0 आवृत्तीत टेबलांचं वर्णन ठेवणाऱ्या जुन्या फायली काढून टाकल्या, तरी हा नियम राहिला. उलट त्याची सेटिंग आता सर्व्हर पहिल्यांदा उभा करतानाच ठरते, नंतर बदलता येत नाही. पण जुनं न मोडताही निदान निरोप नीट देता आला असता. 'हे नाव नाही, पण स्मॉल ओचं आहे', एवढं म्हटलं असतं तर शोधाशोध वाचली असती. 1146 तेही सांगत नाही.

लॅपटॉपवरच डॉकरमध्ये लिनक्स चालवा म्हणजे फरक उरणार नाही, असाही एक उपाय सांगतात. बहुतेक वेळा तो लागू पडतो. मात्र मॅकवर डेटा फोल्डर बाहेरून जोडला असेल, तर आतलं मायएसक्यूएल खालची डिस्क तपासतं, ती फरक पाळत नाही असं दिसलं की स्वतःच सेटिंग बदलून 2, म्हणजे मॅकवरच्यासारखी, करतं, आणि लॉगमध्ये तशी एक ओळ टाकून पुढे जातं. कॅपिटल ओ तिथे बिनबोभाट चालतो. लॉगमधली ती ओळ सहसा वाचली जाते ती सर्व्हरवर 1146 आल्यानंतर.