ज्याचं बारसंच झालं नाही

आज हप्ते, व्याज, कर्जप्रकरणं थोडी बाजूला ठेवू. आज बोलायचंय ते एका भीतीच्या पुस्तकाबद्दल.

आम्ही दोघी बहिणी शिकत होतो तेव्हा शाळेच्या पुस्तकपेटीत ‘फ्रँकेन्स्टाइन’चं एक बारकं मराठी पुस्तक होतं. मूळ इंग्रजी कादंबरीची मुलांसाठी केलेली लहान गोष्ट. एक शास्त्रज्ञ मेलेल्यांचे अवयव जोडून आठ फुटी माणूस बनवतो, त्यात जीव घालतो आणि मग तो राक्षस माणसं मारत सुटतो. त्याची पिवळी कातडी डोळ्यांपुढं आली की रात्री परसात जायला आईची सोबत लागायची. तरी चार-पाच वेळा वाचलं. भीतीचीही चटक असते.

यंदा नागपंचमीला आम्ही दोघी माहेरी आलो, तेव्हा बहिणीनं पूर्ण कादंबरीचं भाषांतर आणलं. दुपारी भांडी आवरली की एकीनं वाचायचं, दुसरीनं ऐकायचं.

पहिला धक्का नावाचाच. फ्रँकेन्स्टाइन म्हणजे राक्षस, असं आम्ही इतकी वर्षं समजत होतो. ते नाव शास्त्रज्ञाचं. राक्षसाला नावच नाही. त्यानं डोळे उघडले तसा त्याला घडवणारा घाबरून पळाला. मग बारसं करणार कोण?

पुढं तो एका गरीब घराला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो. फटीतून बघत बघत बोलायला शिकतो, वाचायलाही शिकतो. आधी त्यांचंच अन्न चोरायचा, पण ही माणसं स्वतःच उपाशी राहतात हे दिसल्यावर चोरी सोडतो आणि रात्री गुपचूप त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो. घरातला आंधळा म्हातारा त्याच्याशी नीट बोलतो. बाकीचे येतात, त्याचं रूप बघतात आणि काठीनं बडवतात. पुढं तो बुडणाऱ्या मुलीला नदीतून काढतो, तर बक्षीस म्हणून बंदुकीची गोळी मिळते. त्यानं पुढं जे खून केले ते माफ होत नाहीत. पण आम्ही वाचलेल्या लहान पुस्तकात हे सरपण नव्हतं, नुसते खून होते.

हे लिहिलं कुणी? मेरी शेली या बाईनं. 1815 साली इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या वर्षी युरोपात नीट उन्हाळाच आला नाही. जिनिव्हाच्या तळ्याकाठी पावसानं घरात कोंडलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी रचायचं ठरवलं. मेरी तेव्हा 18 वर्षांची. तिची आई, स्त्रियांच्या हक्कांवर पुस्तक लिहिणारी मेरी वॉल्स्टनक्राफ्ट, हिच्या जन्मानंतर अकराव्या दिवशी बाळंतज्वरानं गेलेली. वार अडकली होती, ती डॉक्टरनं हातानं काढली. हात धुवायचं महत्त्व तेव्हा डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. मेरीची स्वतःची पहिली मुलगी दिवस भरण्याआधी झाली आणि दोन आठवड्यांच्या आत गेली. मेरीनं रोजनिशीत एक स्वप्न लिहून ठेवलंय. बाळ नुसतं गारठलं होतं, शेकोटीपुढं चोळलं आणि ते जिवंत झालं. मेलेल्यात जीव घालायची कल्पना आम्हाला लहानपणी अघोरी वाटायची. हे कळल्यावर बहिणीनं पुस्तक मिटून ठेवलं, त्या दिवशी पुढं वाचलं नाही. 1818 साली कादंबरी छापली, तीही मेरीच्या नावाशिवाय. अनेकांना वाटलं, नवऱ्यानंच लिहिली असणार.

पण झोप उडवली ती जस्टिननं. जस्टिन ही शास्त्रज्ञाच्या घरची मोलकरीण. घरातल्या लहान मुलाचा खून होतो. मुलाच्या गळ्यातलं पदक राक्षसानं झोपलेल्या जस्टिनच्या कपड्यांत सरकवलेलं असतं. पदक सापडतं, ती पकडली जाते. धर्मगुरू इतकं धमकावतो की न केलेला गुन्हा ती कबूल करते. तिला फाशी होते. खुनी कोण याबद्दल शास्त्रज्ञाच्या मनात शंका नसते. पण लोक आपल्याला वेडा म्हणतील म्हणून तो तोंड उघडत नाही.

हे वाचताना आम्ही दोघी एकमेकींकडं बघेना. कारण आमच्या एका गटात पूर्वी पेटीत 300 रुपये कमी आले होते. सगळ्यांच्या नजरा गेल्या त्या गटात नव्या आलेल्या, रोजंदारीवर जाणाऱ्या ताईंकडं. हिशोब तपासायला आम्ही दोघी बसलो होतो, तरी आम्हीही त्यांच्याकडंच बघितलं. त्या म्हणाल्या, “राहू द्या, मी भरते तीनशे.” आम्ही घेतले. आम्हाला वाटलं, मान्य केलं म्हणजे यांनीच घेतले असणार.

महिन्याभरानं चूक सापडली. एका बाईनं उचललेलं 300 रुपयांचं कर्ज आमच्याकडून वहीत चढवायचंच राहिलं होतं. आम्ही संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन पैसे परत दिले. बैठकीत मात्र काही बोललो नाही. आमच्या हिशोबावरचा विश्वास उडेल, असं वाटलं.

ताई, तुम्ही ऐकत असाल. तुमच्या गटातल्या बायाही ऐकत असतील. त्यांच्यासाठी सांगतो. ते पैसे तुम्ही घेतले नव्हते. नोंद आमची चुकली होती. येत्या बैठकीत ती वही घेऊन आम्ही दोघीही येतोय, आणि हेच सगळ्यांसमोर वाचून दाखवणार आहोत.