गाडीवर उडालेला रंग



दसरा जवळ आला की घरोघरी रंगकाम निघते. फाटक, खिडक्यांचे गज, दुकानाची पाटी, सगळ्यांवर नवा हात फिरतो. पूर्वी हे काम ब्रशने होई. आता पुष्कळ ठिकाणी स्प्रे मारतात. काम झटपट होते खरे, पण शेजारी उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या टाकीवर दुसऱ्या दिवशी हात फिरवावा, तर ती खरखरीत लागते. पुण्यात हे नेहमीचेच. एके काळी सायकलींचे म्हणून ओळखले जाणारे हे शहर पुढे स्कूटर-मोटारसायकलींचे झाले. १९७२ साली आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून चेतक स्कूटर बाहेर पडू लागली. आज पेठांतल्या गल्ल्यांत गाडीला गाडी चिकटून उभी असते. आणि खेड्यात तरी काय वेगळे? डेअरीला दूध न्यायचे, शाळा गाठायची, तर गाडी हवीच. म्हणून हा विषय तुमचाही आहे.

रंग उडतो म्हणजे काय होते? हवेच्या दाबाने रंगाचे बारीक तुषार होतात. त्यांतले काही फाटकावर न बसता वाऱ्याबरोबर जातात. दूर जाता जाता ते वाळले, तर नुसती धूळ बनून बसतात. ओले असतानाच पडले, तर चिकटतात. म्हणजे हा रंग तुमच्या गाडीच्या रंगाच्या वर बसलेला असतो. आपल्याला वरचा काढायचा आहे, खालचा राखायचा आहे. सगळी युक्ती एवढ्यातच आहे, बरं का!

आणि चूक होते ती इथेच. घाईघाईने थिनरचा बोळा फिरवला जातो. कारखान्यातला रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असतो. भाकरी भाजली की तिचे पुन्हा पीठ होत नाही, तसा. पण गॅरेजमध्ये ड्युको मारून घेतलेली जुनी गाडी असेल, तर तो रंग गुळासारखा. गूळ जसा पाण्यात विरघळतो, तसा ड्युको थिनरमध्ये विरघळतो. ठिपक्यांबरोबर टाकीचा रंगही बोळ्यावर येतो. आणि रंग ही नुसती शोभा नव्हे. तो गेला की पत्रा उघडा पडतो आणि पावसाळ्यात गंज धरतो. भाजलेल्या रंगाच्या गाडीवरसुद्धा थिनरने दिव्याची काच म्हणून असलेले प्लॅस्टिक धुरकट होते, स्टिकरही जातात.

तेव्हा सौम्य उपायापासून सुरुवात करावी. गाडी सावलीत, इंजिन थंड झाल्यावर घ्या. आधी भरपूर पाण्याने माती धुवा. नाहीतर तीच माती घासली जाऊन ओरखडे पडतात. मग सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ कापड. भिंतीचा पाण्यातला रंग ताजा असेल, तर एवढ्यानेच निघतो.

ऑइल पेंट असेल, तर मऊ सुती कापडावर थोडे रॉकेल किंवा टर्पेंटाइन घ्या. आधी सीटखाली, दिसणार नाही अशा जागी लावून पाहा. कापडावर गाडीचा रंग आला नाही, तर पुढे जा. हलके पुसा आणि लगेच साबणाने धुवून टाका. जवळ विडी-काडी नको. ब्रेकच्या चकतीवर आणि टायरवर थेंबही पडू देऊ नका. ब्रेक लागणार नाही.

तरीही खरखर राहिली, तर गाडीच्या सामानाच्या दुकानात क्ले बार मिळतो. पुण्याची नाना पेठ अशा दुकानांसाठी प्रसिद्धच आहे. हा कणकेसारखा मऊ गोळा असतो. साबणाच्या पाण्यावर तो हलके सरकवला की वर आलेले कण तो उचलून घेतो. गोळा वरचेवर मळून स्वच्छ बाजू वर घ्या. जमिनीवर पडला, तर टाकून द्या. त्यात खडे रुततात.

टाकी गुळगुळीत झाली पण चमक मंद वाटली, तरच बारीक रबिंग कंपाउंड हाताने फिरवा. ते रंगाला किंचित खरवडून सपाट करते, म्हणून वरचेवर करू नये. कडा सोडून द्या. तिथे रंग पातळ असतो. चमक नसलेल्या मॅट रंगावर तर कंपाउंड मुळीच नको, डाग पडल्यासारखे चकाकते. शेवटी मेणाचे पॉलिश लावा. त्याने पाणी टिकत नाही.

शिक्षक मित्रांनो, हे वर्गात दाखवता येईल. दोन पत्र्यांवर ऑइल पेंट लावा. एक दुसऱ्या दिवशी टर्पेंटाइनने पुसा, दुसरा पंधरा दिवसांनी. पहिला सहज निघेल, दुसरा अडून बसेल. ऑइल पेंट नुसता वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन तो हळूहळू घट्ट होतो. म्हणूनच डाग दिसताच त्याच दिवशी हात घालावा.

आणि शेजारी स्प्रे चालू असेल, तर गाडी वाऱ्याच्या उलट बाजूला, दूर लावा. तेही जमले नाही, तर जुनी चादर टाका. चादर धुता येते, खरवडलेला रंग मात्र परत येत नाही.