वेळापत्रकाबाहेरची कामे

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीची 'निप्पॉन डेन्रोची जमीन' पुन्हा बातम्यांत आहे. जानेवारी २०२३ मध्ये दावोसला राज्य सरकारने न्यू एरा क्लीनटेक कंपनीशी भद्रावतीतल्या कोळसा वायूकरण प्रकल्पासाठी २० हजार कोटींचा करार केला, वर्षभराने केंद्राने अशा प्रकल्पांसाठी साडेआठ हजार कोटींचे प्रोत्साहन मंजूर केले आणि तेव्हापासून रोजगार किती, मोबदला किती, याची मोजदाद सुरू आहे. ती व्हायलाच हवी. पण असे प्रकल्प प्रत्यक्षात उभारणारे अभियंते ज्या कौशल्यावर तरतात किंवा बुडतात, त्याबद्दल कोणी बोलत नाही. 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट' म्हटले की आपल्याकडे एक सॉफ्टवेअर, त्यात रंगीत पट्ट्यांचे वेळापत्रक आणि शक्य झाल्यास एखादे परदेशी प्रमाणपत्र डोळ्यांसमोर येते. वेळापत्रक लागतेच. मात्र भद्रावतीचा गेल्या तीस वर्षांचा अनुभव सांगतो, की प्रकल्प वेळापत्रकात लिहिलेल्या कामांमुळे सहसा अडत नाही. जे काम आपल्या हातात नाही म्हणून कोणी लिहिलेच नाही, तिथे तो रुततो.

याच तालुक्यात, एकाच दशकात आखलेले दोन प्रकल्प शेजारी ठेवून पाहावेत. पहिला इस्पात समूहाच्या निप्पॉन डेन्रोचा, हजार मेगावॉटहून मोठा औष्णिक वीजप्रकल्प. उदारीकरणानंतर केंद्राने ज्या आठ 'फास्ट ट्रॅक' प्रकल्पांना प्रतिहमी देऊ केली, त्यांत दाभोळबरोबर भद्रावतीचेही नाव होते. हजार हेक्टरांहून अधिक जमीन घेतली गेली. वीज मात्र एक युनिटही निघाली नाही. दुसरा प्रकल्प पॉवरग्रिडचा, पश्चिम आणि दक्षिण भारताची वीजजाळी जोडणारे एचव्हीडीसी केंद्र. ५००-५०० मेगावॉटचे त्याचे दोन्ही भाग १९९७-९८ मध्ये सुरू झाले आणि रामागुंडमच्या दिशेने वीज वाहू लागली. गंमत अशी, की या केंद्राची यंत्रणा पुरवणारी जीईसी अल्स्थॉम ही बहुराष्ट्रीय कंपनी निप्पॉन डेन्रोच्या वीजप्रकल्पातही भागीदार होती. म्हणजे तंत्रज्ञान कमी पडले, अभियंते कच्चे होते, ही सबब इथे चालत नाही.

एचव्हीडीसी केंद्राचे काम तसे सोपे नव्हते. त्या काळी दक्षिणेचे जाळे देशाच्या बाकीच्या जाळ्यांशी एका तालात चालत नसे. ते जुळले थेट ३१ डिसेंबर २०१३ रोजी. ताल न जुळणारी दोन जाळी एसी तारांनी सरळ जोडता येत नाहीत. म्हणून एकीकडची वीज थायरिस्टरच्या दालनात आधी डीसी करायची आणि त्याच आवारात पुन्हा दुसऱ्या जाळ्याच्या तालाची एसी करून पुढे सोडायची, ही भद्रावतीची युक्ती. देशात असा प्रयोग याआधी विंध्याचलला १९८९ मध्ये झाला होता, पण निम्म्या क्षमतेचा. तंत्र अवघड होते, पण प्रकल्पाचे बाहेरचे धागे मोजके होते. मालक एकच. दोन्ही टोकांना जाळी आधीपासून उभी. आवार आटोपशीर. निप्पॉन डेन्रोचे नेमके उलटे. बॉयलर आणि टर्बाइन जगभर सिद्ध झालेले, पण प्रकल्प टांगलेला होता तो जमीन, कोळसा, परदेशी कर्ज, प्रतिहमी आणि वीज मंडळाची पैसे देण्याची ऐपत या पाच खुंट्यांवर. यांतली एकही अभियंत्याच्या ताब्यातली नव्हती. शेवटच्या खुंटीची अवस्था दाभोळने २००१ मध्ये साऱ्या राज्याला दाखवली.

यावर कोणी म्हणेल, की ही तुलना अन्यायाची आहे. सरकारी कंपनीचे छोट्या जागेतले केंद्र कुठे आणि खासगी महाप्रकल्प कुठे. आक्षेप खरा आहे, आणि माझा मुद्दा त्यातच आहे. प्रकल्पाचा आवाका ठरवताना त्याला बाहेरचे किती धागे जोडले जातात, हे मोजणे हे तांत्रिक माणसाचेच काम आहे. दुसरा आक्षेप असा, की जमीन आणि परवानग्या हे राजकारण, त्यात अभियंत्याने का पडावे? त्याला उत्तर कोकण रेल्वेने दिले. तिचे तेव्हाचे प्रमुख ई. श्रीधरन यांच्या कार्यालयांतली उलटी चालणारी, उरलेले दिवस दाखवणारी घड्याळे सगळ्यांना आठवतात, व्यवस्थापनाच्या वर्गांत आजही त्यांचेच कौतुक होते. मला ती घड्याळे त्या कहाणीतला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग वाटतात. जमीन महसूल खात्याकडून मिळेपर्यंत थांबण्याऐवजी रेल्वेची माणसे स्वतः जमीनमालकांच्या दारी गेली, कागद जुळवले, मोबदल्याचे बोलणे केले. हे मला खरे कौशल्य वाटते. तरीही गोव्यात मार्गाच्या आखणीवरून वाद पेटला, काम रखडले, चौकशी आयोग नेमावा लागला आणि पूर्ण मार्ग खुला व्हायला जानेवारी १९९८ उजाडला. श्रीधरन यांच्यासारख्यालाही बाहेरचे धागे पुरते हातात ठेवता आले नाहीत, तर केवळ पट्ट्या रंगवणाऱ्याचे काय होत असेल!

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: सगळे जुळेपर्यंत थांबायचे ठरवले, तर काहीच सुरू होणार नाही. थांबा असे कोणी म्हणत नाही. क्रम लावा, एवढेच. गोसीखुर्दच्या सिंचन प्रकल्पाकडे पाहा. १९८३ मध्ये ३७२ कोटींना मान्य झालेल्या आणि १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झालेल्या या प्रकल्पाचा खर्च १८ हजार कोटींच्या वर गेला. धरण झाले, पण पाणी नेणारे कालवे आणि पुनर्वसन मागे पडले, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली, सिंदेवाहीचा शेतकरी वाट बघत राहिला. पाणी शेतात पोहोचवणारा जमिनीचा शेवटचा तुकडा आधी हवा होता. दिसायला भव्य म्हणून भिंत आधी झाली. वायूकरणाचेही असेच होऊ शकते. ओडिशातल्या तालचेरच्या कोळशावर चालणाऱ्या खत कारखान्याचे काम सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू करताना ३६ महिन्यांचा वायदा होता. तो कधीच उलटून गेला. आपल्याकडच्या कोळशात राख जास्त, त्यामुळे वायूकरणाचे यंत्र निवडणे नाजूक, हे अभियंते जाणतात. पण राख टाकायची कुठे, पाणी कोणत्या नदीचे, तयार वायूचे पुढे काय करायचे आणि त्यापासून होणारे उत्पादन विकत कोण घेणार, या प्रत्येक प्रश्नापुढे एक नाव आणि एक तारीख लिहिलेली आहे का, हे आधी विचारायला हवे. 'शासन स्तरावर कार्यवाही सुरू' हे उत्तर त्या रकान्यात बसत नाही.

म्हणूनच अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाबाबत माझी एक सूचना आहे. क्रिटिकल पाथची आकडेमोड शिकवा, १९५० च्या दशकात ड्यूपाँटने आणि अमेरिकी नौदलाने घडवलेली ती साधने अजून उपयोगी आहेत. पण त्याबरोबर विद्यार्थ्याला महिनाभर तहसील कचेरीत बसवा. सातबारावर कोणाची नावे आहेत, फेरफार का अडला, जमीन वर्ग दोनची असेल तर काय होते, ताबा आणि मालकी यांत अंतर का पडते, हे त्याला तलाठ्याकडून शिकू द्या. गुणपत्रिकेत त्याचे शंभरापैकी वीस गुण धरले तरी पुरेत.