नावेची मागची फळी

फायबरची नाव कुजत नाही, असे आमच्या अंभोऱ्याकडे म्हणतात. ते अर्धेच खरे. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. पुढे वैनगंगेला फुगवटा आला, तेव्हा डोंग्याऐवजी इंजिनाची नाव बरी वाटू लागली. इंजिन ज्या मागच्या फळीला अडकवतात, तिच्या पोटात प्लायवूड असते. बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपून त्याचा लगदा होतो. हातोडीने ठोकल्यावर भद्द आवाज आला, की समजावे! फळी तुटली तर इंजिन तळाला जाते, कर्जाचे हप्ते मात्र राहतात. बाहेरून पट्टी चिकटवणे म्हणजे ओल कोंडणे. आतील फायबर कापून कुजके लाकूड पार खरवडावे, पोकळी वाळू द्यावी. नंतर रेझिन पाजलेला मरीन प्लाय शिकंज्यांनी आवळून बसवावा, वर काचतंतूंचे थर द्यावेत. बोल्टची भोके मुद्दाम मोठी पाडून रेझिनने बुजवावीत आणि त्यातच पुन्हा बारीक पाडावीत, म्हणजे पाणी लाकडाला शिवत नाही.